पॉलिश करायच्या आधी हे बघा

अहो थांबा, टेक्सासला सासऱ्यांच्या कपाटात सापडलेली विंचेस्टर १८७३ ही जुनी रायफल पॉलिश करून विकायची म्हणताय ना, ते अजिबात करू नका. खरी किंमत मूळ फिनिशची असते, तपकिरी पडली असेल तरी चालेल, पण बफिंग करून नवीन ब्लूइंग, म्हणजे धातूवरचा निळसर-काळा थर, केलं की चांगले कलेक्टर लोक तिथेच मागे सरतात.

आधी कुणी हे उद्योग केलेत का ते भिंगाने बघा. बॅरलवरची अक्षरं पुसट, अष्टकोनी बॅरलच्या धारा बोथट आणि स्क्रूच्या भोकाभोवती धातू बशीसारखा खोलगट झाला असेल तर पॉलिश झालंय हे नक्की, आणि दस्त्याचं लाकूड धातूच्या खाली गेलं असेल तर सँडपेपर मारलाय. बॅरलमध्ये आतून खड्डे असतील (त्या काळी बंदुकीची काळी दारू वापरायचे आणि लगेच साफ केली नाही की गंज खायचा) तर किंमत थोडी उतरते पण जुन्या तुकड्यात ते चालून जातं. वरचं सरकतं डस्ट कव्हर आहे का तेही बघा, पुष्कळदा हरवलेलं असतं.

हे सगळं चेंबर (गोळी बसते ती जागा) आणि बॅरलखालची मॅगझीनची, म्हणजे गोळ्या साठवायची, नळी रिकामी आहे याची खात्री करूनच हं!

सीरियल नंबर लीव्हरच्या मागे खालच्या टँगवर, म्हणजे दस्त्यात जाणाऱ्या धातूच्या पट्टीवर, असतो. त्यावरून बनवल्याचं साल १८९८ किंवा आधीचं निघालं तर अमेरिकेच्या फेडरल कायद्यात ती अँटिक धरतात. वायोमिंगच्या कोडी गावच्या बंदुकांच्या म्युझियमकडे बऱ्याच नंबरांचं फॅक्टरी रेकॉर्ड आहे, पैसे भरून पत्र मागवा, मगच भाव बोला.