कांचनजंगा नॉर्थ बेस कँप (पांगपेमा): रजा कमी पडतेय, काय सोडू?

खडकवाट

मंडळी, ऑक्टोबरअखेर मी आणि बायको नेपाळमधून कांचनजंगाच्या नॉर्थ बेस कँपला जायचं म्हणतोय. सह्याद्रीत दोघांचीही भरपूर भटकंती झालीय. अन्नपूर्णा बेस कँपही जमला, पण तो 4130 मीटर. पांगपेमा 5143. एवढ्या उंचीवर आम्ही दोघंही कधी गेलेलो नाही. 2019 च्या मे महिन्यात पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेचे दहा जण कांचनजंगावर पोचले, तेव्हापासून हा डोंगर डोक्यातून जात नाहीये. ते जिथून चढले तो तळ एकदा बघायचाय.

अडचण रजेची आहे. दोन आठवडे आणि पुढचे-मागचे शनिवार-रविवार, बस्स. बागडोगरा विमानतळापर्यंतचं येणं-जाणंही त्यातच. एजन्सीनं आराखडा पाठवलाय: तापलेजुंगहून जीपनं सेकाथुम, मग आमजिलोसा, ग्याब्ला, घुन्सा, खांबाचेन, ल्होनाक, पांगपेमा. रोज एक टप्पा, मध्ये कुठेच थांबा नाही. वर म्हणतात, तुमचा स्टॅमिना चांगला आहे, परतताना 'सेले ला' ही खिंड ओलांडून साउथ बेस कँपही उरकून देतो. ऐकायला झकास वाटतं. पण बायको म्हणते, हे 'उरकून देतो' काही बरोबर वाटत नाही.

विश्रांतीचे दिवस खरंच लागतात का? उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यावी का? आणि यातलं काही सोडायचंच झालं तर काय सोडू?

दगडफूल

वहिनींचं ऐका.

आधी एक खुलासा. गिरिप्रेमीचे लोक पांगपेमाकडून चढलेच नव्हते. ते गेले यालुंग हिमनदीच्या बाजूनं, नैऋत्येकडून. 1955 साली जो ब्राउन आणि जॉर्ज बँड पहिल्यांदा गेले तेही त्याच अंगानं, आणि सिक्कीमच्या राजाला दिलेल्या शब्दापायी माथ्याच्या जरा खाली थांबून परतले. ती बाजू बघायची तर वाट चेराम, रामचे, ओक्तांगची, म्हणजे साउथची. ओक्तांगलाही गिर्यारोहकांचा खरा तळ दिसेल असं नाही, तो हिमनदीवर बराच आत आहे. पांगपेमाला समोर येते ती उत्तरेची भिंत. 1930 साली डायरेनफुर्थची मोठी मोहीम याच बाजूला अडली आणि हिमप्रपातात एक शेर्पा गेला. 1979 ला डग स्कॉट, पीटर बोर्डमन आणि जो टास्कर यांनी कृत्रिम प्राणवायूशिवाय उत्तरेकडूनच शिखर गाठलं. दोन्ही बाजू बघण्यासारख्याच आहेत. फक्त कुठली बघायला जाताय ते स्वतःला नीट माहीत असू द्या.

आता आराखडा. घुन्सापर्यंत तसा ठीक आहे, दरी हळूहळू वर चढवते. घुन्साची उंची कुठल्या नकाशात 3400 च्या आसपास, कुठल्या नकाशात 3595. काहीही धरा, पुढचं गणित तेच. खांबाचेन 4100 च्या घरात, ल्होनाक 4780 च्या आसपास. म्हणजे दोन मुक्कामांत हजाराहून जास्त मीटर वर झोपायचं, आणि तिसऱ्या दिवशी उठून 5143 गाठायचं. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांत एकदा मुक्काम हलवू नये, हा साधा नियम. तुमच्या आराखड्यात तो सलग मोडलाय. घुन्साला दोन रात्री, खांबाचेनला दोन रात्री. यात काटछाट नाही.

आणि मुक्कामाचा दिवस म्हणजे लोळायचा दिवस नव्हे. खांबाचेनहून जानूच्या तळाकडे चालत जा. हा 7710 मीटरचा डोंगर, तिकडे कुंभकर्ण म्हणतात. त्याची भिंत मान मागे टाकून बघावी लागते. दुपारी परत खाली येऊन झोपायचं. मला विचाराल तर सगळ्या वाटेवरचा सर्वात देखणा दिवस हाच. एजन्सीवाले त्याला 'वाया' धरतात.

घुन्सा ते खांबाचेन हा टप्पा कागदावर सोपा दिसतो. खांबाचेनच्या अलीकडे दरडीचा एक मोठा पट्टा आडवा जातो. सैल माती, त्यात अडकलेले धोंडे, आणि पायवाट म्हणजे माणसांच्या पावलांनी दाबलेली वीतभर पट्टी. रात्री गोठलेलं पाणी हे दगड धरून ठेवतं, ऊन चढलं की सुटायला लागतात. म्हणून घुन्साहून भल्या पहाटे निघायचं. तिथे आमचा गाइड आधी उभा राहिला, वर बघत राहिला, कान देऊन ऐकलं, आणि मग एकेकाला सोडलं. मध्ये अंतर ठेवून, न बोलता, न थांबता. एका उत्साही गृहस्थांनी नेमका तिथेच जानूचा फोटो काढायला मोबाइल बाहेर काढला. गाइडनं पलीकडून जी हाक मारली ती ऐकून मोबाइल आपोआप खिशात गेला.

ल्होनाकला चार-दोन दगडी खोपटी, बाकी वारा. तिथे पाणी 84-85 अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. जे गरम मिळेल ते मुकाट्यानं खायचं. पाण्याची बाटली, फोन, बॅटरी सगळं स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं. पोकळ तंतूंचा वॉटर फिल्टर असेल तर तोही आतच. एकदा गोठला की आतले तंतू फाटतात, बाहेरून काही कळत नाही आणि तुम्ही निवांत गाळून घाण पाणी पीत बसता.

'काही झालं तर हेलिकॉप्टर आहेच' असं सांगणारेही भेटतील. ते दिसेल तेव्हाच उडतं, आणि दुपारी या दऱ्या ढगांनी भरतात. 23 सप्टेंबर 2006 ला याच घुन्साजवळ हेलिकॉप्टर कोसळून 24 जण गेले. कांचनजंगा संरक्षण क्षेत्राचा कारभार गावकऱ्यांच्या हाती सोपवायचा सोहळा आटोपून परतत होते सगळे. नेपाळमधले मोठमोठे निसर्गअभ्यासक होते त्यात. त्यामुळे हेलिकॉप्टर ही शेवटची सोय, आराखड्याचा भाग नाही.

काय सोडायचं? साउथ. सेले लाच्या वाटेवर 4600 च्या आसपासच्या खिंडी लागतात. बर्फ पडलं की त्या बंद, मग उलटं फिरून रजा संपवायची. एकच बाजू करा, आल्या वाटेनं परता, आणि हाताशी मोकळे दिवस ठेवा.

भूलतज्ज्ञ

दगडफूलताईंशी सहमत. औषधांचं तेवढं सांगतो.

स्टॅमिनाचा आणि उंची मानवण्याचा संबंध फार थोडा. उलट दमसास चांगला असलेला माणूस भराभर वर जातो आणि आडवा होतो. डायमॉक्स (अ‍ॅसेटाझोलामाइड) प्रतिबंध म्हणून साधारण 125 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच, खास करून सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, घाबरू नका. घरी असतानाच एक-दोन दिवस घेऊन बघा, म्हणजे तिथे नवल वाटणार नाही. ही गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, विश्रांतीच्या दिवसाची भरपाई करत नाही.

रात्री श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन मोठा उसासा येतो, शेजारचा घाबरून उठतो. एवढ्या उंचीवर ते बहुतेकांना होतं. घाबरायचं ते पुढच्या गोष्टींना: बसल्या जागी धाप, थांबत नसलेला खोकला, तोल जाणं, बडबड किंवा भलतंच गप्प होणं. संशय आला तर टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला लावा. जमलं नाही तर त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी, आणि कुणाच्या तरी सोबतीनं. नुसतं डोकं दुखत असेल तरी थांबेपर्यंत वर झोपायला जायचं नाही.

ऑक्सिमीटर नेलात तर बोटं आधी गरम करा. गार बोटावर तो काहीही आकडा दाखवतो, आणि मग अख्खा ग्रुप रात्रभर एकमेकांचे आकडे विचारत बसतो. झोपेची गोळी नको. तापलेजुंगकडे तोंग्बा नावाची दारू मिळेल, कोद्याची, म्हणजे नाचणीची ऊन ऊन. ती परतताना.

मेचीपार

वरच्या दोघांनी महत्त्वाचं सांगितलंय, मी पैशांचं आणि वाटेचं बघतो.

पानीटंकीहून सीमा ओलांडून काकडभिट्टा, मग मेची महामार्गानं इलाम, फिदिम, तापलेजुंग. अंतर फार नाही, पण वळणं इतकी की अख्खा दिवस गेला समजा. सेकाथुमचा रस्ता पावसाळ्यात जागोजागी ढासळतो, ऑक्टोबरमध्येही तो धडच असेल असं धरू नका. भारतीयांना व्हिसा नाही, तरी पासपोर्ट न्याच. हा प्रतिबंधित भाग आहे, परमिट नोंदणीकृत एजन्सीमार्फतच निघतं आणि गाइड लागतोच. तापलेजुंगनंतर एटीएम विसरा. आपल्या शंभराला नेपाळी एकशे साठ हा दर ठरलेला आहे. तिथेच नेपाळी नोटा करून घ्या, त्याही सुट्ट्या.

अजून एक, हे बरेच जण विसरतात. भारतातून विमानानं जाताना सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र बॅगेत ठेवू नका. परवानगीशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, विमानतळावर लोक अडकलेत. लागणार असेल तर एजन्सीला नेपाळमध्येच सोय करायला सांगा. विम्याच्या कागदावर उंचीची मर्यादा वाचा. बऱ्याच पॉलिसी पांगपेमाच्या आधीच संपतात.

खडकवाट

सगळ्यांचे आभार. बायकोला धागा दाखवला, ती काही बोलली नाही, नुसती हसली.

एजन्सीला साउथ काढून टाकायला सांगितलं. घुन्सा आणि खांबाचेन दोन्हीकडे जादा रात्र घातली. पण आता परतीला एकही मोकळा दिवस उरत नाही. खांबाचेनची जादा रात्र काढून परतीला ठेवली तर चालेल का? दोघांनाही त्रास नसेल तर?

दगडफूल

नाही चालणार. त्रास ल्होनाकला सुरू होतो, आणि तो कमी करणारी रात्र तुम्ही अलीकडेच काढून टाकलेली असते.

दोन पर्याय आहेत. एक, रजा वाढवून मागा. दिवाळीला जोडून मिळतेय का बघा. दुसरा, खांबाचेन हेच शेवटचं ठिकाण धरून निघा. जानूच्या तळापर्यंत जा, ल्होनाक आणि पांगपेमा जमले तर जमले. घुन्साला पोचाल तेव्हा हातात किती दिवस उरलेत, दरडीची काय बातमी आहे, दोघांची झोप-जेवण कसं चाललंय, ते बघून तिथे ठरवा. मात्र हे एजन्सीला आत्ताच मेलवर लिहून कळवा आणि गाइडला काकडभिट्ट्यालाच सांगा. नाहीतर त्याच्या डोक्यात 'क्लायंटला पांगपेमा दाखवायचाय' एवढंच बसतं आणि तो बिचारा तुम्हाला ओढत नेतो.

आणि दोघांपैकी एकानं 'खाली' म्हटलं की दुसऱ्यानं 'का' विचारायचं नाही, हे घरीच ठरवून घ्या. तिकडे वाद घालायला श्वास पुरत नाही.

पोर्टर घेणार असाल तर त्याचा विमा आणि गरम कपडे एजन्सी देतेय का, तेही त्याच मेलमध्ये विचारा. उत्तर गोलगोल आलं तर एजन्सी बदला.