तुर्भे: जुन्या पेट्रोल टाक्यांखालची माती-पाणी कसं तपासावं?

टाक्या काढल्यात. वर मुरूम, खाली बेसाल्ट. शेजारच्या बोअरवेलमधून बेलरने (दोरीने खाली सोडायची नळी) पाणी काढून बेंझिन (पेट्रोलमधला विषारी, पटकन उडणारा घटक) तपासलं तर चालेल?

— नको. बोअरवेलचा वरचा भाग केसिंगने (भोकं नसलेल्या पाइपने) बंद असतो, तरंगतं पेट्रोल आत येतच नाही. वेगळी निरीक्षण विहीर घ्या; तिची जाळी (पाणी आत येणारा छिद्रांचा भाग) पाण्याच्या पातळीच्या वरही हवी. खाडी जवळ असेल तर भरती-ओहोटीची वेळ नोंदवा.

— बेलरने पाणी ढवळून बेंझिन उडतं. त्याऐवजी पंप वापरा, मिनिटाला १०० ते ५०० मिली इतक्या हळू. पीएच, कंडक्टिव्हिटी (पाण्याची वीजवाहकता) स्थिरावल्यावरच नमुना. हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेली ४० मिलीची बाटली काठोकाठ भरा, उलटी करून बुडबुडा नाही ना बघा. बर्फात ठेवा, १४ दिवसांत तपासणी व्हायलाच हवी.

— आणि माती पिशवीत अजिबात भरू नका, बेंझिन उडून जातं! मातीचा ताजा ५ ग्रॅम गाभा (नळीने काढलेला तुकडा) थेट मिथेनॉलमध्ये टाका.