मदत हवी आहे : ऊसतोडीच्या काळात भाचीला दिलेल्या लसीची नोंद नाही

माझी धाकटी बहीण आणि दाजी दरवर्षी बीड जिल्ह्यातून सांगलीकडे ऊसतोडीला जातात. त्यांची मुलगी गेल्या जुलैच्या अखेरीस जन्मली. जन्मावेळच्या, सहाव्या आणि दहाव्या आठवड्याच्या लसी गावच्या उपकेंद्रात वेळेवर झाल्या आणि माता व बाल संरक्षण कार्डावर त्यांच्या तारखाही आहेत. परंतु दसरा उरकून टोळी निघाली आणि चौदाव्या आठवड्याचा डोस आला तेव्हा ती मंडळी फडावर होती.

बहीण सांगते की, कोप्यांवर (ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांवर) एकदा सिस्टर आल्या होत्या, त्यांनी तोंडात थेंब टाकले आणि डाव्या मांडीत एक सुई दिली. कार्ड गावाकडे पत्र्याच्या पेटीत राहिल्यामुळे त्यावर नोंद झाली नाही, आणि आमच्या आशाताईंनी यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) पाहिले तर तिथेही दहाव्या आठवड्यापुढे काही दिसत नाही. चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस) डाव्या मांडीत, न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची लस) उजव्या मांडीत आणि पोलिओची सुई उजव्या दंडावर, अशा तीन सुया असतात. बहिणीला एकच आठवते. तिच्या आठवणीवर माझा विश्वास आहे. त्या रात्री लेकरू कण्हत होते आणि ती उशाशी बसून ओल्या फडक्याने त्याचे अंग पुसत होती, हे ती नेमके सांगते.

आता कारखान्याचा पट्टा पडला (गाळप हंगाम संपला) असून सर्वजण गावी परतले आहेत. या महिनाअखेर भाचीला नऊ महिने पूर्ण होतील, म्हणजे गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पोलिओची तिसरी सुई आणि न्यूमोकोकलचा बूस्टर एकदमच येतील. राहिलेली लस पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, जिथे थांबली तिथून पुढे देतात, एवढे मला ठाऊक आहे. पण केवळ आईच्या सांगण्यावरून पेंटाव्हॅलंटचा तिसरा डोस झाला असे धरावे, की नोंद नाही म्हणून तो पुन्हा द्यावा? पुन्हा दिल्यास बाळाला काही अपाय होतो का? आणि न्यूमोकोकलचा दुसरा डोसच राहिला असेल, तर बूस्टर त्यानंतर किती अंतराने घ्यावा?

सोळा ते चोवीस महिन्यांच्या बूस्टरची मला तितकी चिंता नाही, कारण पुढच्या हंगामाहून परतल्यावरही ती मुदत शिल्लक राहील. घाई आहे ती आताच्या डोसांची. बालरोगतज्ज्ञांनी किंवा लसीकरणाचे काम करणाऱ्या सिस्टरांनी कृपया उत्तर द्यावे, म्हणजे पुढच्या लसीकरणाच्या दिवशी बहिणीसोबत उपकेंद्रात जाऊन मला नेमके विचारता येईल.