मदत हवी आहे : बेनफर्ड चाचणीत ९ ने सुरू होणाऱ्या रकमा जास्त येतात

नमस्कार. बडोद्यात एम.कॉम.च्या शेवटच्या सत्रासाठी मी फॉरेन्सिक अकाउंटिंगवर (हिशेबांतील गैरव्यवहारांचा शोध) प्रकल्प करीत असून, एका व्यापारी पेढीच्या २०२१ ते २०२४ मधील सुमारे २,००० खर्चनोंदींना बेनफर्डचा नियम (नैसर्गिक रकमांत पहिला अंक १ असण्याचे प्रमाण सर्वाधिक, ९ असण्याचे सर्वांत कमी) लावून पाहिला आहे. लेखी परवानगी घेतली आहे. भाडे, पगार अशा ठरावीक रकमा वगळल्या आहेत. अपेक्षित आणि प्रत्यक्ष प्रमाणांतील एकूण तफावत मोजणारे काय-वर्ग मूल्य ३७ येते, म्हणजे १५.५१ या मर्यादेच्या बरेच वर. सरासरी निरपेक्ष विचलन (प्रत्येक अंकामागे सरासरी फरक) मात्र ०.०११, जे या चाचणीचे अभ्यासक मार्क निग्रिनी यांच्या निकषांनुसार स्वीकारार्ह ठरते. खरा घोळ ९ या अंकाचा आहे : अपेक्षित प्रमाण ४.६ टक्के, प्रत्यक्षात ७. यातील बहुतेक व्हाउचर रोखीची आणि १०,००० रुपयांच्या किंचित खालची आहेत. या नोंदींच्या काळात लागू असलेल्या आयकर कायदा, १९६१ च्या कलम ४०अ(३) नुसार एका व्यक्तीला एका दिवसात त्याहून अधिक रोख दिल्यास तो खर्च सहसा वजावटीस पात्र ठरत नसे, त्यामुळे मर्यादेखाली राहणे (ती लबाडीच असते असे नाही) समजण्याजोगे आहे. मोठे बिल तुकड्यांत फोडले आहे का हे शोधण्यासाठी एकाच पुरवठादाराच्या लागोपाठच्या दिवसांच्या रकमा एकत्र करून पाहिल्या, पण नियमित पुरवठादारही त्यात अडकतात. मूळ बिले पाहता येणार नाहीत, साधन केवळ एक्सेल. तर तारीख, रक्कम आणि पुरवठादाराचा सांकेतांक एवढ्यावरून, तुकड्यांत फोडलेले मोठे बिल नेहमीच्या खरेदीपासून वेगळे ओळखण्यासाठी कोणती चाचणी लावावी, आणि तीत किती दिवसांची चौकट धरावी?