ईसीएचएल (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकी लीग) फॉलो करतं का नाशकात कोणी?

मिसळवाला: फ्लोरिडा एव्हरब्लेड्सनी 2022, 23, 24 सलग तीन केली कप (या लीगची ट्रॉफी) मारले म्हणून बघायला लागलो, पण दर आठवड्याला टीममधली चार पोरं गायब, हा काय प्रकार?

सातपूरकर: अरे वरच्या लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये, कोणाला लागलं की इथून उचलतात, गोलकीपरचं तर विचारूच नको, आणि राहिलेल्यांना 72 मॅचेस, कधी शुक्र-शनि-रवी लागोपाठ, मधे बसचा प्रवास, कसले पाय राहतात भाऊ. मला तरी हीच लीग खरी वाटते.

गोदाकाठ: टेबल बघताना नुसते विजय मोजू नको, ओव्हरटाइमला हरलं तरी 1 पॉइंट मिळतो.

मिसळवाला: ओके, आणि लाईव्ह कधी?

सातपूरकर: हिवाळ्यात बहुतेक पहाटे साडेपाच, गोधडीतूनच बघ.