साबण घट्ट झाला तरी थांबायचं का?

एकाने विचारलंय की थंड पद्धतीचा, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी न शिजवता मिसळून केलेला साबण दोन दिवसांत घट्ट होतो, मग ४ ते ६ आठवडे कशाला थांबायचं? कॉस्टिक सोडा आणि तेलाची प्रक्रिया तेवढ्यात बहुतेक उरकते हे खरं, पण वडीत पाणी बरंच उरलेलं असतं. ते उडून गेलं नाही तर वडी भराभर झिजते. गरम पद्धतीत मिश्रण शिजवतात, त्यामुळे साबण लवकर वापरता येतो. पोत मात्र खडबडीत. मला थंडच आवडते. ढवळताना चमच्यावरून पडलेल्या धारेची रेघ मिश्रणावर क्षणभर टिकली, की साच्यात ओतायचं!

कळकळीने सांगते, कॉस्टिक सोडा पाण्यात घाला, सोड्यावर पाणी कधीच ओतू नका. ॲल्युमिनियमचं भांडंही नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो.