जुन्या पिकअपचं पुढचं काम: टायर खाणं, गाडी ओढणं, ॲलायनमेंट न टिकणं (अनुभव धागा)

पंचवटीकर
पिंपळगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, दिंडोरीची द्राक्षं. आपल्याकडच्या जुन्या पिकअप ओझं वाहूनच थकतात. पुढचा टायर एका कडेने खाल्ला की गाडी थेट ॲलायनमेंटला (चाकांचे कोन जुळवायला) लावली जाते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. मशीन कोन दाखवतं, पण सैल सांधा काही घट्ट करत नाही. ज्यांनी स्वतः पाना धरलाय त्यांनी लिहा: काय तपासायचं, कुठे चुकतं, मापं किती.

सातपूर_फिटर
सुरुवात टायरपासून. टायरच्या नक्षीच्या गोट्यांवर आडवा हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने बोचत असेल तर टो (वरून पाहता चाकं पुढे आत किंवा बाहेर वळलेली असणं) बिघडलाय. एकच कड झिजली असेल तर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) बघा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. मध्येमध्ये खड्डे पडले असतील तर शॉकॲब (शॉक ॲब्सॉर्बर), बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोळ्याचा सांधा).

आता प्ले, म्हणजे सांध्यातला सैलपणा. हे काम नव्वद टक्के लोक चुकीच्या जागी जॅक लावून करतात. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) खालच्या आर्मवर (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या हातावर) असेल तर जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावा. चेसिसखाली लावला तर आर्म लोंबतो, स्प्रिंगचा ताण सांध्यावर राहतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. चाक जमिनीपासून बोटभर उचला, चाकाखाली पहार घालून वर दाबा आणि जॉइंटकडे नजर ठेवा. मग चाक वर-खाली धरून हलवा. खटका आला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. खटका गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडून हलवल्यावर हलत असेल तर टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा), आयडलर आर्म (त्या दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणारा हात) किंवा स्टिअरिंग बॉक्स. यासाठी एकाने स्टिअरिंग थोडं थोडं इकडेतिकडे करायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं. प्ले बोटाला लगेच कळतो.

बॉल जॉइंट काढताना खालच्या आर्मचा जॅक हलवू नका. कॉइल स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतेल.

निफाडवाला
वरच्या मुद्द्याला जोड: आर्मचे रबर बुश (बोल्टभोवतीच्या रबरी नळ्या) बदलले की त्यांचे बोल्ट गाडी हवेत असताना कसू नका. आधी गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून बसू द्या, मग कसा. हवेत कसलेला बुश कायम पिळलेला राहतो, लवकर फाटतो आणि गाडीची उंचीही बिघडवतो.

पाथर्डी_फाटा
दादा, टॉर्शन बारवाल्या गाडीत उंची कशी जुळवायची?

सातपूर_फिटर
सपाट फरशी, चारही टायरांत बरोबर हवा, गाडी रिकामी. मडगार्डवरून मोजू नका, जुन्या गाडीचं मडगार्ड वाकलेलं असतं. खालच्या आर्मच्या चेसिसकडच्या बोल्टपासून जमिनीपर्यंत मोजा. जी बाजू खाली असेल तिचा अँकर बोल्ट (टॉर्शन बारचा पीळ कमी-जास्त करणारा) अर्धा-अर्धा फेरा फिरवा, गाडी दाबा, थोडी पुढे चालवा, पुन्हा मोजा. ओझं जास्त भरता येईल म्हणून बार पिळून गाडी उचलू नका. उंची बदलली की कॅम्बरही बदलतो.

वरच्या आर्मच्या शाफ्टमागे पत्र्या (शिम) असतील तर काढताना पुढच्या-मागच्या वेगळ्या ठेवा आणि खडूने लिहा. दोन्ही ठिकाणी सारख्या बदलल्या तर कॅम्बर हलतो, एकीकडची काढून दुसरीकडे टाकली तर कॅस्टर (बाजूने पाहता चाक वळण्याच्या आसाचा पुढे-मागे कल). कोणत्या दिशेला हलतो ते शाफ्ट ब्रॅकेटच्या आत आहे की बाहेर यावर ठरतं, म्हणून एक पत्री बदलून मोजा. टो सगळ्यात शेवटी, कारण आधीच्या दोन्हींमुळे तोही हलतो.

कमानीवाला, आडगाव नाका
पुढे सरळ ॲक्सल आणि कमानपट्टे असतील तर कॅम्बरला समायोजन नसतं. फरक दिसला तर किंगपिनचे (चाक ज्या खुंटीभोवती वळतं तिचे) बुश झिजलेत किंवा ॲक्सल वाकलाय. बुश बसवल्यावर रीमर (भोक नेमकं मोठं करायचं हत्यार) मारून पिन हाताने सरकेल इतपत करा. ग्रीस भरताना चाक उचला, नाहीतर थ्रस्ट बेअरिंगपर्यंत (गाडीचं वजन पेलणाऱ्या बेअरिंगपर्यंत) ग्रीस जात नाही.

सेंटर बोल्ट (कमानपट्टे एकत्र धरून ॲक्सलची जागा ठरवणारा) तुटला की ॲक्सल पट्ट्यावर सरकतो. पुढच्या-मागच्या हबमधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. पुढचं सगळं बरोबर असूनही स्टिअरिंग वाकडं राहत असेल तर मागच्या ॲक्सलचा सेंटर बोल्टही बघा. यू-बोल्ट (कमानपट्टे ॲक्सलला आवळणारे) नवे टाकले तर ३०० ते ४०० किलोमीटरनंतर पुन्हा कसा.

दोरीने_टो
घरी टो तपासायचा असेल तर: चाक उचलून फिरवा, टायरच्या मध्यभागी खडू आणि त्यावर खिळा धरून बारीक रेघ मारा. गाडी खाली घेऊन दोन-तीन मीटर पुढे ढकला, मागे घेऊ नका. मग हबच्या उंचीवर पुढच्या बाजूचं आणि मागच्या बाजूचं रेघांमधलं अंतर मोजा. पुढे कमी म्हणजे टो-इन. मागची चाकं ओढणाऱ्या पिकअपला साधारण १ ते ३ मिमी टो-इन असतो. आपल्या मॉडेलचं माप मॅन्युअलमधून घ्या.

टाय रॉडच्या बाहीला (लांबी बदलायच्या नळीला) एका टोकाला उजवे, दुसऱ्याला डावे आटे असतात. आटे १.५ मिमी पिचचे असतील तर एका फेऱ्याला लांबी ३ मिमी बदलते आणि टायरपाशी तोच फरक चौपटीच्या आसपास जातो. म्हणून एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग. दोन बाह्या असतील तर दोन्हीकडे सारखं फिरवा, नाहीतर स्टिअरिंग वाकडं बसतं. नवीन एंड टाकताना नुसते आटे मोजून चालत नाही, नव्याची लांबी वेगळी असू शकते. सांध्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत मापून घ्या. स्प्लिट पिन (नट सुटू न देणारी) नवीच. भोक जुळत नसेल तर नट पुढे कसा, मागे सैल करू नका.

पेठरोड
गाडी ओढत असेल तर आधी पुढचे टायर डावे-उजवे बदला. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा. नाही बदलली तर थोडं चालवून दोन्ही हबजवळ हात धरा; एक जास्त तापला असेल तर ब्रेक चिकटतोय. आपल्याकडे रस्त्याचा उतार डावीकडे असतो, तेव्हा किंचित डावीकडे जाणं धरून चाला.

पाथर्डी_फाटा
आणि वळणावरून स्टिअरिंग आपोआप परत येत नसेल तर?

सातपूर_फिटर
पुढची चाकं उचलून फिरवा. तेव्हाही सरळ जागेवर जड लागत असेल तर स्टिअरिंग बॉक्सचा वरचा स्क्रू कोणीतरी जास्त कसलाय, किंवा बॉल जॉइंट कोरडे आहेत. उचलल्यावर हलकं आणि जमिनीवरच परत येत नसेल तर कॅस्टर मोजा.